एकच रेघ

वाळूजच्या आमच्या प्रयोगशाळेत खोडरबर आणायला बंदी आहे.
चुकलं तर एकच रेघ मारायची, आडवी,
खालचं वाचता येईल इतकी बारीक,
बाजूला सही आणि तारीख.
कुणी पांढरी शाई लावली तर कस्तुरे मॅडम
त्याला अख्खं पान मोठ्यानं वाचायला लावतात.

एकशे बारावं संयुग माझं.
आधीची एकशे अकरा गेली:
कुणी पाण्यात विरघळेना,
कुणी उंदराच्या यकृतात वीस मिनिटं टिकेना,
एक तर बाटलीतच काळं पडलं, दिवाळीच्या सुट्टीत.

एकशे बारानं मात्र पेशी ऐकू लागल्या.
सुजेचा आलेख असा उतरला,
जशी खुलताबादच्या घाटात न्यूट्रलवर सोडलेली एसटी.
त्या रात्री शहागंजातून नान-खलिया आला,
मुंबईच्या साहेबांचा फोन आला,
आणि मी उदगीरला फोन लावून आईला सांगितलं,
औषध सापडलं.
"कशावरलं?"
सुजेवरचं.
"मग धाड की बाटलीभर. गुडघे लई दुखलालेत."
मी म्हणालो, अजून दहा-बारा वर्षं लागतील.
ती जरा थांबली.
"जेवलास का?" म्हणाली.

दुसरी बॅच जास्त शुद्ध होती,
स्तंभातून दोनदा उतरवलेली, पिठीसाखरेसारखी.
पेशींनी ओळखच दिली नाही.
तिसरी त्याहून शुद्ध,
त्याहून मुकी.

तेव्हा मी बोललो
(वहीत याची नोंद नाही, म्हणून इथे करतो)
की भांडी नीट धुतली नसतील.

इलियासभाई दारातच उभे होते, हातात ट्रे.
बावीस वर्षं ॲसिटोन आणि क्रोमिक आम्ल,
बोटांच्या पेरांवर रेषा उरल्या नाहीत;
रेशनच्या मशीनला हा माणूस सापडत नाही.
त्यांनी एक फ्लास्क उचलला,
ऊर्ध्वपातित पाणी ओतलं, उजेडाकडे तिरपा धरला.
काचेवरून पाण्याचा पडदा सलग उतरला,
कुठे थेंब अडकला नाही.
"मैल रहता तो पानी इत्ता सीधा नै उतरता, बेटा."
आणि पुढचा फ्लास्क घेतला.

कस्तुरे मॅडमनी पहिल्या बॅचचं उरलेलं,
नखावर मावेल इतकं,
स्वतःच्या पर्समधून हैदराबादला नेलं.
नऊ दिवसांनी कागद आला.
जस्त.
तिसऱ्या पायरीला मी टाकलेली भुकटी
नीट गाळली गेली नव्हती,
शंभरात जेमतेम दोन भाग मागे राहिली होती.
पेशी ऐकत होत्या ते तिचं.
माझा रेणू नुसता शेजारी उभा होता,
वरातीत घोड्याचा लगाम धरलेल्यासारखा.

मुंबई म्हणाली, पहिलाच आलेख दाखवू या ना,
बाकीचं पुढे बघता येईल.
मॅडमनी फोन स्पीकरवर टाकला,
आम्ही सगळे ऐकतोय हे बघितलं, मग म्हणाल्या,
"दाखवते. जस्तासकट दाखवते."
दिवाळीआधी आमच्यातल्या दोघांची बदली झाली.
मॅडमची गाडी गेली;
त्या आता रेल्वे स्टेशनवरून कंपनीच्या बसनं येतात,
खिडकीशी बसून शोधनिबंध वाचतात
आणि पंढरपूरच्या फाट्याला डुलकी काढतात.

मी वही उघडली.
आठ महिन्यांवर एक रेघ मारली,
सही केली, तारीख घातली.
खाली अजून वाचता येतं: उत्कृष्ट परिणाम.
तीन उद्गारचिन्हं. तीही दिसतात.

मग मोरीकडे गेलो.
इलियासभाई गंगापूरहून आलेल्या नव्या मुलीला
ब्रश किती दाबायचा ते शिकवत होते.
मी म्हणालो, चुकलं माझं.
नळ चालू होता. "क्या?"
मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं, पान वाचल्यासारखं.
मुलगी हसू दाबत खाली बघू लागली.
त्यांनी ओला फ्लास्क माझ्या हातात दिला.

उजेड कुठल्या बाजूनं येतो,
हे मी सहा वर्षांत
त्या खोलीत कधी बघितलं नव्हतं.